दुखणं मोजून पाहा

तुमच्या घरात गुडघेदुखीवरची किंवा कंबरदुखीवरची झाडपाल्याची एखादी गोळी, चूर्णाची पुडी, तेलाची बाटली असेलच. ती आत्ता काढून समोर ठेवा. वर काय लिहिलंय ते चष्मा लावून वाचा. ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ अशासारखं काहीतरी पुष्कळ डब्यांवर असतं. हे सिद्ध करणं म्हणजे नेमकं काय, ते कोणावर केलं जातं, आणि तुमच्या गुडघ्याशी त्याचा किती संबंध असतो, हे तुम्हाला कळावं म्हणून मी लिहिते आहे.

मी फार्मसी कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवते. वनस्पतींच्या अर्कांनी वेदना कमी होते का, हे तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. झाडपाल्याला नावं ठेवायला मी बसलेली नाही. आमच्या घरी कोणाचे सांधे धरले की परसातल्या निर्गुंडीचा पाला उकळून शेक देत. त्या उग्र वासाने आजही मला बरं वाटतं. आणि वेदनेवरची जी मोठी औषधं आज दवाखान्यात वापरतात, त्यातली मॉर्फिन अफूतून आली, अ‍ॅस्पिरिनचं मूळ झाडाच्या सालीत आहे. तेव्हा ‘पाल्यात काय असणार’ असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. पाल्यात खूप काही असतं, आणि म्हणूनच त्याची नीट तपासणी व्हायला हवी असं मला कळकळीने वाटतं.

आधी प्रयोगशाळेत चला.

धातूची एक ताटली असते, ५५ अंश सेल्सिअसला तापवलेली. तिच्यावर काचेचं नळकांडं. त्यात वीस-पंचवीस ग्रॅमचा एक पांढरा उंदीर सोडतात. पहिले काही सेकंद तो नाक हलवत नुसता हुंगत फिरतो. मग त्याला चटका जाणवतो. तो पंजा उचलून चाटतो, नाहीतर टुणकन उडी मारतो. त्या क्षणी स्टॉपवॉच थांबवायचं. पंधरा सेकंद होऊन गेले आणि त्याने काहीच केलं नाही, तरी त्याला उचलायचंच. नाहीतर पाय भाजतात. अर्क पाजण्याआधी तो किती सेकंद टिकला, पाजल्यावर अर्ध्या तासाने किती, तासाने किती, असे आकडे लिहीत जायचं. १९४४ पासून ही ‘हॉट प्लेट’ चाचणी चालत आलेली आहे. नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय ती करता येत नाही, आणि किती उंदीर लागतील, कमी का चालणार नाहीत, याचं उत्तर आधी द्यावं लागतं. विद्यार्थ्यांना मी पहिल्या दिवशी सांगते, हा जीव तुमच्यासाठी दुखणं सोसतोय, त्याचा एकही आकडा वाया घालवू नका.

दुसऱ्या एका चाचणीत उंदराच्या पोटात पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड टोचतात आणि तो किती वेळा पोट आखडून अंग ताणतो ते मोजतात. तिसरीत उंदराच्या किंवा त्याहून मोठ्या जातीच्या उंदराच्या पंजात कॅराजीनन नावाचा समुद्रशैवालातून काढलेला पदार्थ टोचून सूज आणतात आणि ती किती उतरते ते पाहतात. चौथीत फॉर्मलिन वापरतात. तिथे दुखणं दोन टप्प्यांत येतं, पहिल्या पाचेक मिनिटांत थेट नसांचं, आणि साधारण पंधरा मिनिटांनंतर सुजेमुळे होणारं.

इतक्या चाचण्या कशाला? कारण दुखणं एका जातीचं नसतं. मॉर्फिन दिलेला उंदीर तापलेल्या ताटलीवर बराच वेळ टिकतो. अ‍ॅस्पिरिन दिलेल्याला तिथे फारसा फायदा होत नाही, पण पोट आखडण्याच्या चाचणीत अ‍ॅस्पिरिनचा गुण चांगला दिसतो. म्हणजे एकाच चाचणीवर विसंबलात तर अ‍ॅस्पिरिनसारखं औषधही नापास होईल, आणि उलट एखादा निकामी अर्क पास होईल.

अर्क असा खोटाच पास होताना मी पाहिला आहे. एका वर्षी एक विद्यार्थिनी आनंदाने धावत आली. तिचे उंदीर ताटलीवरून पाय उचलायलाच तयार नव्हते. मी म्हटलं, आता यांना फिरत्या दांड्यावर ठेव. हा दांडा हळूहळू गोल फिरत असतो आणि शुद्धीतला, ताकदीतला उंदीर त्यावर तोल सांभाळून चालत राहतो. तिचे उंदीर टपाटप खाली पडले. त्यांचं दुखणं थांबलं नव्हतं, ते गुंगीत होते, पंजा चाटण्याइतकंही त्यांच्यात त्राण नव्हतं. त्या मुलीने दुसऱ्या दिवशी वहीत स्वच्छ अक्षरात तेच लिहिलं, आणि तिचा मला आजही अभिमान वाटतो. तिने दांड्याची चाचणी केलीच नसती, तर ‘वेदनाशामक गुण आढळला’ असं एक वाक्य जगात वाढलं असतं, आणि पुढेमागे ते एखाद्या डब्यावर छापलं गेलं असतं.

आता प्रमाणाचं बघू. अशा प्रयोगांत उंदराला वजनाच्या प्रत्येक किलोमागे २०० किंवा ४०० मिलिग्रॅम अर्क देण्याची पद्धत आहे. उंदराच्या मात्रेवरून माणसाची मात्रा काढायची तर सरळ वजनाने गुणत नाहीत, कारण उंदराचं शरीर औषध फार वेगाने संपवतं. त्याच्या मात्रेला साधारण १२.३ ने भागतात. म्हणजे ४०० चे झाले साडेबत्तीस. साठ किलोच्या माणसाला जवळजवळ २ ग्रॅम सुका अर्क. दहा ग्रॅम वाळलेल्या पाल्यातून एक ग्रॅम अर्क मिळाला असं धरलं, तर हा झाला २० ग्रॅम पाला, रोजचा. आता तुमच्या डब्यावर बघा, एका गोळीत त्या वनस्पतीचं प्रमाण किती लिहिलंय. ५० मिलिग्रॅम असेल, तर त्या उंदरावरच्या प्रयोगाच्या जोरावर या गोळीला काहीच म्हणता येत नाही.

शिवाय अर्क कशात काढला? आजीचा काढा पाण्यातला. आम्ही बहुतेक वेळा पाला सावलीत वाळवून, भरडून, अल्कोहोलमध्ये तासन् तास फिरवतो आणि मग अल्कोहोल उडवून खाली राहिलेला काळपट चिकट गोळा वापरतो. पाण्यात उतरणारी द्रव्यं वेगळी, अल्कोहोलमध्ये उतरणारी वेगळी. सांधेदुखीवर वापरतात त्या सालईच्या झाडाच्या डिंकातली बोस्वेलिक आम्लं पाण्यात नीट विरघळतच नाहीत. झाडाचं नाव एक असलं म्हणून औषध एक होत नाही.

आणि ते झाड तरी तेच आहे ना? आम्ही फांदी फुलाफळांसकट दाबून, वाळवून पुण्याच्या वनस्पती सर्वेक्षण केंद्रात किंवा आघारकर संशोधन संस्थेत ओळख पटवून घेतो, मगच पुढे जातो. हे पाऊल चुकलं तर काय होतं, याची काळजी करोनाच्या काळात गुळवेलीने लावली. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली, आणि गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीचा मुद्दा पुढे आला. वाद राहू द्या. तुमच्यापुरतं इतकंच घ्या, की कुंपणावरची वेल कोणीतरी ‘गुळवेल’ म्हणून दाखवली, एवढ्यावर ती महिनोन् महिने पिऊ नका.

उंदरांच्या पुढचा टप्पा माणसांचा, आणि खरी परीक्षा तिथेच होते. उंदीर खोटी आशा धरत नाही. आपण धरतो. आपण औषध कधी सुरू करतो? दुखणं कळस गाठतं तेव्हा. संधिवाताचं दुखणं चढतं-उतरतं असतं. कळसानंतर ते तसंही थोडं उतरणारच असतं. त्यात कोणीतरी आपुलकीने चौकशी केलेली असते, गोळीवर विश्वास बसलेला असतो. गुडघेदुखीच्या चाचण्यांत ज्यांना बिनऔषधी कोरी गोळी मिळते, त्यांनाही चांगला आराम पडतो. ते खोटं बोलत नसतात, त्यांचं दुखणं खरंच कमी होतं. म्हणून प्रश्न ‘बरं वाटलं का’ एवढाच नसतो. कोऱ्या गोळीपेक्षा जास्त बरं वाटलं का, हा असतो.

कोऱ्या गोळीशी अशी तुलना आपल्याकडे झालेली आहे, आणि तिची माहिती घराघरात असायला हवी. सालई हे विदर्भाच्या, सातपुड्याच्या रानातलं झाड. त्याचा डिंक धूप म्हणून जळतो आणि सांध्यांवर औषध म्हणून वापरतात. नागपूरच्या डॉक्टरांनी गुडघे झिजलेल्या ३० रुग्णांवर त्याच्या अर्काची चाचणी केली, ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. पंधरा जणांना अर्काच्या कॅप्सूल, पंधरा जणांना हुबेहूब तशाच दिसणाऱ्या कोऱ्या. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही, तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. आठ आठवड्यांनी मध्ये थोडे दिवस सोडून अदलाबदल केली. आधी ज्यांना कोरी होती त्यांना अर्क, आणि अर्कवाल्यांना कोरी. अर्क घेत असताना दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकला, चालण्याचं अंतर वाढलं. एक्स-रे मात्र होता तसाच राहिला. म्हणजे आराम पडला, झीज भरून आली नाही. हे दोन्ही त्यांनी लिहिलं. ‘झीज भरून काढते’ असं छापणाऱ्या कोणत्याही डब्यापेक्षा या प्रामाणिक निष्कर्षावर माझा विश्वास जास्त आहे. माणसं तीसच होती, हेही विसरायचं नाही.

दुसरं काम पुण्याचं. डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४० गुडघेदुखीच्या रुग्णांचे चार गट केले. दोन गटांना सुंठ, गुळवेल, आवळा, सालई अशा घटकांची मिश्रणं, तिसऱ्याला ग्लुकोसामाइन, चौथ्याला सेलेकॉक्सिब ही डॉक्टरांकडची नेहमीची गोळी. २४ आठवडे सगळ्यांचं दुखणं मोजलं. २०१३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: चारही गटांत आराम साधारण सारखाच. आयुर्वेदासाठी ही मोठीच गोष्ट होती. त्याच निबंधात त्यांनी हेही नोंदवलं, की आयुर्वेदिक औषधं घेणाऱ्या सात जणांच्या रक्तात यकृताचा एसजीपीटी हा आकडा वाढला. त्रास काही जाणवला नाही, औषध थांबवल्यावर तो खाली आला. रक्त तपासलं म्हणून ते कळलं. घरी आपण वर्षभर चूर्ण घेतो तेव्हा रक्त कोण तपासतं? या चाचणीत कोऱ्या गोळीचा गट नव्हता, म्हणून आरामातला किती वाटा औषधाचा आणि किती आशेचा, ते तिच्यावरून सांगता येत नाही. तरीही इतक्या शिस्तीने इतक्या माणसांवर केलेलं काम आपल्याकडे विरळाच.

जुनं ते सिद्धच, असं मला पुष्कळ जण सांगतात. इंग्लंडमधल्या एडवर्ड स्टोन नावाच्या पाद्र्याने १७६३ मध्ये विलोच्या, म्हणजे आपल्या नदीकाठच्या वाळुंजाच्या भाऊबंदाच्या, सालीची पूड सुमारे पन्नास ताप आलेल्या माणसांना देऊन त्याची हकिकत लिहून कळवली. सालीतलं सॅलिसिन वेगळं काढायला १८२८ उजाडलं. अ‍ॅस्पिरिन बाजारात आली १८९९ मध्ये, आणि ती दुखणं कमी कशी करते हे जॉन व्हेन यांनी दाखवलं ते १९७१ मध्ये. आजीच्या अनुभवाने कुठल्या झाडाकडे बघायचं ते कळतं. त्यापुढचं काम कोणीतरी करावंच लागतं.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे लिहायला बसले ती सांगते. माझ्या एका काकूंना गावोगाव फिरणाऱ्या एका माणसाने सांधेदुखीवर काळ्या गोळ्या दिल्या. ‘शंभर टक्के जडीबुटी.’ पुडीवर नाव नाही, घटक नाहीत, काहीच नाही. दुसऱ्याच दिवशी काकू तडक उठून चालू लागल्या. घरात आनंद. शेजारच्या चौघींनी मागवल्या. चार महिन्यांनी मी गेले तर काकूंचा चेहरा चंद्रासारखा गोल झाला होता, दंड बारीक, हातावर जरा धक्का लागला तरी काळंनिळं होत होतं, आणि कधी नव्हती ती साखर वाढली होती. मी पुडी उचलून आणली. तपासली तर गोळीत स्टिरॉइड निघालं.

म्हणून हात जोडून सांगते: झाडपाल्याच्या गोळीने एका रात्रीत जादू झाली तर खूश होऊ नका, घाबरा. सांधेदुखीत वनस्पतीचा गुण सहसा आठवड्या-आठवड्यांनी दिसतो. आणि अशी गोळी महिनोन् महिने घेतली असेल, तर हे वाचून ती आज एकदम बंदही करू नका. शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी केलेलं असतं; अचानक तोडलं तर जिवावर बेतू शकतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ते उतरवत उतरवत थांबवतील. काकूंना त्यातून बाहेर यायला वर्ष लागलं.

चांगल्या औषधाच्या डब्यावर घटकांची नावं आणि प्रमाण असतं, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख, कंपनीचा पत्ता असतो. यातलं काहीही नसेल तर घेऊ नका, मग देणारा कितीही ओळखीचा असो. डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी दिली असेल, किंवा मूत्रपिंडाचा, यकृताचा आजार असेल, ऑपरेशन ठरलं असेल, तर हळदीचा, सुंठेचा, गुग्गुळाचा अर्कसुद्धा विचारल्याशिवाय नको. भाजीत घातलेली हळद वेगळी, अर्काची कॅप्सूल वेगळी. डॉक्टर रागावतील म्हणून बायका पुडी पर्समध्येच ठेवतात, हे मला माहीत आहे. रागावले तर रागावू द्या. टेबलावर ठेवा. आणि सांधा लाल, गरम होऊन ताप आला, पाय बधिर झाला, लघवीवरचा ताबा सुटला, तर कुठल्याही अर्काची वाट न बघता दवाखाना गाठा.

कधी एखाद्या रुग्णालयात तुम्हाला अशा चाचणीत सहभागी व्हाल का असं विचारलं, तर ‘आमच्यावर प्रयोग करतात’ म्हणून लगेच उठून जाऊ नका. संमतीपत्र घरी आणा, मुलांकडून वाचून घ्या. चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आहे का ते विचारा. ती कोणालाही बघता येते. कधीही बाहेर पडता येईल का, काही झालं तर खर्च कोणाचा, हेही विचारा. उत्तरं सरळ मिळाली तर जा. आणि गेलात तर खरं सांगा. मधल्या काळात दुखलं म्हणून दुसरी गोळी घेतली असेल तर तीही सांगा, लपवलीत तर तीस जणांच्या चाचणीत तुमच्या एका लपवण्याने निकाल फिरतो.

चाचणीत नसलात तरी घरच्या घरी एक गोष्ट करता येते. एक रोजचं काम निवडा: जिना चढणं, खाली बसून उठणं, बाजारापर्यंत जाऊन येणं. ते करताना किती दुखलं, त्याला शून्य ते दहा असा आकडा द्या. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य. रोज त्याच वेळी. नवं औषध सुरू करण्याआधी दोन आठवडे नुसतंच लिहा, ही पायरी कोणी करत नाही आणि सगळा घोळ तिथेच होतो. मग औषध सुरू करा, पण त्याच आठवड्यात नवं तेल, नवा पट्टा, नवा व्यायाम असं सगळं एकदम नको.

माझी आई हे दिनदर्शिकेच्या चौकोनांत लिहिते. तिचं काम म्हणजे पहिल्या मजल्यापर्यंतचे अठरा पायऱ्या. वैद्यांच्या सल्ल्याने तिने सालईच्या कॅप्सूल सुरू केल्या. आधीचे दोन आठवडे सात, सात, आठ, सहा, सात. आठव्या आठवड्यात चार आणि पाच. मी म्हटलं, बघ, गुण आला. ती चौकोनांकडे बघत राहिली. म्हणाली, अगं, याच महिन्यात मी सकाळी बसून पाय सरळ उचलायचा व्यायामही रोज करायला लागले, त्याने पण झालं असेल. मग स्वतःच वैद्यांकडे गेली आणि विचारून आली: व्यायाम चालू ठेवून कॅप्सूल एक महिना थांबवून बघू का? ते हो म्हणाले. सोमवारपासून तिने थांबवल्यात. पहिल्या चार चौकोनांत पाच, चार, पाच, पाच आहे.